सीआरएम मधेच अडकतंय? आधी वेळ लिहा, मग सपोर्टला फोन लावा

सॉफ्टवेअर पूर्ण बंद पडलं ना तर एका अर्थानं बरं असतं, सगळे हातातलं सोडून त्याच्याच मागं लागतात आणि तासाभरात काहीतरी निकाल लागतो. खरी डोकेदुखी म्हणजे सकाळी दहाला अडकलं, साडेदहाला आपोआप सुरू झालं, सपोर्टवाल्यानं स्क्रीन घेऊन बघितलं तर लोण्यासारखं चालतंय आणि तो म्हणतो "सर आमच्याकडून तर ओके दिसतंय". सांगलीत मार्केट यार्डापासून कुपवाड एमआयडीसीपर्यंत आता बऱ्याच ठिकाणी कस्टमरचे फॉलोअप सीआरएमवर, म्हणजे कस्टमरच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरवर, चालतात, आणि द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या टायमाला औषध-खतवाल्यांचे फोन वाजायला लागले की नेमकं तेव्हाच हे सुरू होतं. म्हणून सांगतो, असा येणारा-जाणारा एरर दुरुस्त करायच्या आधी पकडायला लागतो.

काउंटरवर एक साधी वही ठेवा. एरर आला की वेळ मिनिटासकट लिहायची, कुणाच्या मशीनवर, कुठली स्क्रीन, कुठल्या कस्टमरचं खातं उघडलं होतं, आणि मोबाईलनं फोटो काढायचा पण असा की खाली कोपऱ्यातलं घड्याळ फोटोत आलं पाहिजे. "हँग झालं" असं लिहू नका राव, त्यातनं काहीच कळत नाही. गोल फिरत राहिलं का, लाल अक्षरात मेसेज आला का, का डायरेक्ट लॉगआउट झालं, ही तीन वेगळी दुखणी आहेत. आठवडाभर लिहा, गर्दीचे दिवस त्यात आले पाहिजेत.

आता वही वाचायची. एकाच माणसाला त्रास असेल तर त्याचं मशीन किंवा ब्राउझर, ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खासगी) खिडकीत उघडून बघा, तिथं नीट चाललं तर ब्राउझरला जोडलेलं कुठलं तरी एक्स्टेन्शन किंवा त्यात साठलेला जुना कॅशे. ऑफिसात सगळ्यांना त्रास पण तासगावला फिरतीवर असलेला पोरगा मोबाईलवर मजेत एन्ट्री करतोय, तर ऑफिसचं नेट. तासगाववाला पण अडकला तर मग सर्व्हर. एवढ्यानंच अर्धं काम होतं, आणि लोक नेमकं हेच सोडून कॉम्प्युटर फॉरमॅट करत बसतात.

नेटचा संशय असेल तर कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडा, एकात राउटरला पिंग (समोरून उत्तर येतंय का बघायची कमांड) लावा, दुसऱ्यात गूगलच्या ८.८.८.८ ला, कमांडच्या शेवटी मायनस टी लावला की आपण थांबवेपर्यंत ते चालू राहतं. सीआरएम अडकलं की लगेच तिकडं बघायचं. राउटरचाच पिंग तुटत असेल तर वायफाय नाहीतर केबल, राउटर ठीक आणि दुसराच तुटतोय तर लाईनवाल्याला फोन. आणि हो, लाईट गेल्यावर इन्व्हर्टर लागताना कॉम्प्युटर तग धरतो पण राउटर क्षणभर बंद होऊन परत चालू होतो, पुढची दोन-तीन मिनिटं सगळं ऑफिस "सॉफ्टवेअर गेलं" म्हणून ओरडतं. राउटरला छोटा यूपीएस लावा, विषय संपला.

नेट बरोबर असेल तर ब्राउझरमध्ये एफ १२ दाबा, नेटवर्क टॅबवर जा, प्रिझर्व्ह लॉगला टिक करा आणि तसंच काम करत राहा. अडकलं की जी ओळ सगळ्यात जास्त वेळ खातेय तिच्यावर क्लिक करून टायमिंग बघायचं. सर्व्हरच्या उत्तराची वाट बघण्यात वेळ गेला असेल तर दुखणं तिकडं आहे, डाउनलोडमध्ये गेला असेल तर लाईन स्लो किंवा स्क्रीनवर नको एवढा डेटा मागवलाय. स्टेटसचा आकडा पण लिहून घ्या. ४२९ म्हणजे तुम्ही फार भराभर मागताय, ५०३ म्हणजे सर्व्हर सध्या घ्यायला तयार नाही, ५०४ म्हणजे पुढच्या सर्व्हरनं मागच्याची वाट बघून सोडून दिलं. ५०४ दरवेळी बरोब्बर एका मिनिटानं येत असेल तर मधे एन्जिनएक्स (रिक्वेस्ट पुढं पाठवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) असायची शक्यता धरा, त्याची डिफॉल्ट वाट बघायची मुदत ६० सेकंद असते. मुदत वाढवून एरर जाईल, स्लोपणा जाणार नाही.

वेळेचा पॅटर्न सापडला तर सोनंच. रोज ठरलेल्या टायमाला अडकतंय म्हणजे मागं काहीतरी शेड्यूल केलेलं काम चालतंय, बॅकअप, मोठा रिपोर्ट, एक्सेल इम्पोर्ट, अकाउंटिंगचं सिंक. इथं एक गंमत लक्षात ठेवा, बऱ्याच क्लाउड सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढं. कुणीतरी पहाटे चारचा बॅकअप लावला असेल तर तो आपल्याकडं सकाळी साडेनऊला चालतो, दुकान उघडायच्या टायमाला. सर्व्हरचा लॉग (त्यानं स्वतः ठेवलेली नोंद) वाचताना पण हे साडेपाच तास मिळवा, नाहीतर वही आणि लॉग कधीच जुळायचे नाहीत.

वेळेचा पॅटर्न नाही पण ठराविक कस्टमरचं नाव परत परत येतंय? मग बहुतेक लॉकची भानगड. प्रत्येक दुकानात एक "रोखीचे ग्राहक" नावाचं खातं असतं, ज्याचं नाव माहीत नाही तो त्यात ढकलला जातो, आणि त्या एका खात्याखाली हजारो एन्ट्र्या साठतात. दोघांनी एकाच वेळी त्याच्याखाली सेव्ह केलं की एकाला थांबावं लागतं. सेल्सफोर्स नावाच्या सीआरएममध्ये साधारण १० सेकंद वाट बघून "अनेबल टू लॉक रो" येतो, आणि एका खात्याखाली १०,००० च्या वर रेकॉर्ड नकोत असं ते स्वतःच सांगतात. उपाय साधा, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ अशी तालुक्यावार खाती पाडा.

४२९ येत असेल तर बघा की बल्क मेसेजवालं, वेबसाइटचा फॉर्म आणि मालक असे तिघं एकाच लॉगिनवर तर नाहीत ना. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स सीआरएममध्ये एका युजरला एका सर्व्हरवर ५ मिनिटांत ६,००० रिक्वेस्टची मर्यादा आहे, मोठा इम्पोर्ट ती सहज खातो. अशा जोडकामाला वेगळं लॉगिन द्या, आणि सर्व्हर "इतक्या सेकंदांनी परत या" सांगतो ते पाळायला लावा, लगेच परत-परत ठोकत बसलं की अजून वाढतं.

स्वतःच्या सर्व्हरवर मायएसक्यूएल डेटाबेस असेल तर स्लो क्वेरी लॉग, म्हणजे जास्त वेळ खाणाऱ्या कामांची नोंद, चालू करा, तो मुळात बंदच असतो आणि चालू केला तरी १० सेकंदांच्या वरचंच टिपतो, ते २ वर आणा. कनेक्शनची मर्यादा डिफॉल्ट १५१ असते, ती भरली की "टू मेनी कनेक्शन्स" येतं, पण आकडा वाढवायच्या आधी कनेक्शन अडवून कोण बसलंय ते बघा. माझा पहिला संशय कायम मोबाईल नंबरच्या सर्चवर असतो. नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून शोधायची सोय सगळ्यांना आवडते, पण तिथं साधा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) उपयोगाचा नाही, सगळं टेबल चाळावं लागतं. शेवटचे चार आकडे वेगळ्या कॉलममध्ये ठेवून त्याला इंडेक्स लावा, फरक लगेच दिसतो.

काहीही बदला, एका वेळी एकच, आणि वहीत तारीख टाका. सपोर्टला तिकीट टाकताना वहीच्या ओळी, फोटो आणि नेटवर्क टॅबमधनं काढलेली हार (एचएआर) फाइल, म्हणजे त्या टॅबमधली सगळी नोंद, जोडा, वेळ यूटीसीत पण लिहा म्हणजे समोरच्याला शोधायला सोपं. फक्त त्या फाइलमध्ये तुमचं चालू लॉगिन असू शकतं, त्यामुळं ती ऑफिसच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकू नका, थेट तिकिटालाच जोडा आणि पाठवून झालं की एकदा लॉगआउट करून घ्या.