क्वांटम डॉटने हर-टू रंगवताना

क्वांटम डॉट म्हणजे प्रकाश पडला की चमकणारे नॅनोमीटर आकाराचे स्फटिक कण. त्यांनी स्तनाच्या कर्करोगातलं हर-टू हे प्रथिन रंगवताना लेबलिंग फसलं की दोष डॉटवर येतो. पण बिघाड बहुतेकदा फॉर्मॅलिनच्या (ऊती टिकवणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीतच झालेला असतो. जत-आटपाडीकडून मिरजेला येणारा स्तनाचा नमुना काढल्यापासून तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा, आणि ६ ते ७२ तास त्यात राहायला हवा. मोठी गाठ अख्खी बुडवू नका, काप देऊन ठेवा. नाहीतर आतला भाग कच्चा राहतो आणि हर-टू नेमकं तिथेच पुसट दिसतं.

सेक्शन (मेणात बसवलेल्या ऊतीचा पातळ काप) ४ मायक्रॉनचं, ऊती धरून ठेवणाऱ्या चार्ज्ड स्लाइडवर, ६० अंशांवर तासभर तापवायचं. मेण काढायला झायलिन आणि अल्कोहोल नेहमीसारखंच. मग अँटीबॉडीला प्रथिन सापडावं म्हणून पीएच ६ चा १० मिलिमोलर सायट्रेट बफर, ९५ ते ९८ अंशांवर २० मिनिटं, आणि त्यातच निवू द्यायचं. बफर खळाखळा उकळला तर सेक्शन सुटून येतं.

या उष्णतेने ऊतीतलं मूळचं बायोटिनही उघडं पडतं, आणि पुढे लावायचे डॉट बायोटिनलाच चिकटतात. म्हणून ते झाकायला आधी अ‍ॅव्हिडिन, मग बायोटिन, प्रत्येकी १५ मिनिटं. नंतर २ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) अर्धा तास. ही पायरी गाळली की सगळीच स्लाइड पॉझिटिव्ह! प्राथमिक अँटीबॉडी (हर-टूला चिकटणारी) ४ अंशांवर रात्रभर, ओलसर डब्यात. एप्रिल-मेच्या सांगलीत उघड्यावर ठेवलेली स्लाइड कडेने सुकते आणि ती कड खोटी चमकते. पीबीएसने (फॉस्फेटच्या खाऱ्या बफरने) ५-५ मिनिटं तीनदा धुवा, बायोटिन जोडलेली दुय्यम अँटीबॉडी (प्राथमिकला चिकटणारी) ३० मिनिटं लावा, पुन्हा तसंच धुवा.

आता ६५५ नॅनोमीटरवर चमकणारे, स्ट्रेप्टाव्हिडिन (बायोटिनला घट्ट धरणारं प्रथिन) जोडलेले डॉट, १० ते २० नॅनोमोलर, तासभर. त्याआधी कुपी ५००० जी-ला ३ मिनिटं फिरवून फक्त वरचा द्रव घ्या. तळाच्या गुठळ्या स्लाइडवर लाल ठिपके होऊन बसतात. कुपी फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये कधीच नाही. बफरला डिस्टिल्ड पाणीच वापरा, कारण तांब्याच्या अंशानेही डॉट विझतात. काही अँटिफेड माउंटंटही (चमक टिकवायला काचेखाली लावायचे द्रव) त्यांना मंदावतात. नवा माउंटंट आधी टाकाऊ स्लाइडवर तपासा.

स्लाइड काळी दिसली तर आधी फिल्टर बघा. सूक्ष्मदर्शकातला नेहमीचा डॅपी क्यूब (निळ्या डॅपी रंगासाठीचा फिल्टर संच) डॉटला उत्तेजित करतो, पण त्याचा निळा एमिशन फिल्टर ६५५ चा लाल प्रकाश अडवतो. निळ्या-जांभळ्या उत्तेजनासोबत ६५५ चा बँडपास (तेवढाच पट्टा सोडणारा फिल्टर) लागतो. फॉर्मॅलिनमधल्या ऊतीची स्वतःची चमक मुख्यतः हिरव्या पट्ट्यात असते, म्हणून तर लाल डॉट निवडायचा.

प्रत्येक वेळी तीन जादा स्लाइड: माहीत असलेली ३+ (हर-टू भरपूर), माहीत असलेली ० (हर-टू जवळपास नाही), आणि प्राथमिक अँटीबॉडीशिवायची एक. तिसरी चमकली तर त्या दिवशीचं काहीच वाचू नका. उपचाराचा निर्णय मात्र नेहमीच्या आयएचसी (अँटीबॉडीने प्रथिन रंगवणं) आणि फिश (जनुकाच्या प्रती मोजणं) या चाचण्यांवरच. डॉटमध्ये कॅडमियम असतं. उरलेला द्रव आणि पहिलं धुणं सिंकमध्ये न ओतता घातक रासायनिक कचऱ्याच्या कॅनमध्ये जमा करा.