जुनी पेडल स्टील घेताय? आधी चौथी तार ऐका

दहा तारांची, ई९ लावणीची (तारा जुळवण्याची एक ठरलेली पद्धत) जुनी पेडल स्टील गिटार, म्हणजे आडवी ठेवून, पायातल्या पेडलने तारांचे सूर बदलत वाजवायची गिटार, घेताना नुसत्या चकाकीवर भुलू नका. ट्यूनर लावा, चौथी तार (ई) छेडा आणि ए व बी ही दोन्ही पेडल एकदम दाबा. ती फक्त तिसरी, पाचवी, सहावी आणि दहावी तार चढवतात. तरीही चौथीचा काटा खाली सरकतो, कारण वाढलेल्या ताणाने पेटी किंचित वाकते. दोन-चार सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चालतील, कानाला बोचेल इतकं मात्र नको. खाली वाकून यंत्रणाही बघाच. जुन्या ‘फेंडर १०००’ या मॉडेलमध्ये पेडल केबलने तार ओढतं, आजच्या ऑल-पुलमध्ये (सूर चढवणं-उतरवणं दोन्ही ओढूनच करणाऱ्या यंत्रणेत) सळीने. ऑल-पुलमध्ये पेडलचा सूर टोकाच्या नायलॉन नटने लागतो. नवशिक्याने तीच घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.