जिऑलॉजीला नवीन आहात? आधी दगड फोडा

बीएस्सीला जिऑलॉजी घेतलं तेव्हा अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित ही तीन नावं मी शाळेतल्या भूगोलासारखी पाठ केली. पेपरात चाललंही. पहिल्याच फील्डला मात्र एका पिवळसर, पापुद्रे सुटलेल्या दगडासमोर मी वहीत ‘वालुकाश्म’ लिहिलं. सरांनी हातोडा मारला, तर आत काळाकुट्ट ताजा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला खडक. वरची ती साल म्हणजे ऊन-पावसाने कुजलेला बेसाल्टच. तेव्हापासून दगड फोडल्याशिवाय मी नाव देत नाही. तुम्हीही देऊ नका.

नागपुरात शिकत असाल तर तुमचं भाग्य थोर. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर ओतत गेला, पण सलग नाही. मधल्या शांत काळात तळी साचली, त्यांत गाळ बसला, गोगलगायी जगल्या. त्यानंतरच्या लाव्ह्याने सगळं झाकून टाकलं. नागपुरातल्याच टाकळीजवळच्या अशा थरांतले जीवाश्म मिशनरी आणि भूवैज्ञानिक स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच गोळा केले होते. म्हणजे दोन अग्निजन्य थरांच्या मध्ये स्तरित खडक!

कामठीचा तांबूस वालुकाश्म बेसाल्टपेक्षा खूप जुना, सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांची वाळू. लोहाच्या ऑक्साइडमुळे त्याला तो रंग आला.

माझा सर्वात जास्त जीव मात्र नागपूरजवळच्या, मँगनीजच्या खाणी असलेल्या मनसरवर. समुद्रतळावर साचलेला मँगनीजयुक्त गाळ खोल गाडला गेला, तापला, दाबला गेला आणि त्यातून क्वार्ट्झ व गार्नेट या खनिजांचा खडक तयार झाला. भूवैज्ञानिक फर्मर यांनी गोंड समाजावरून त्याला ‘गोंडाइट’ नाव दिलं. गाळ वितळलेला नाही. घन अवस्थेतच त्यातल्या खनिजांची नव्याने जुळणी झाली. ‘रूपांतर’ या शब्दाचा अर्थ मला तिथे, हातात तो जड तुकडा धरल्यावर कळला.

देवलापारच्या बाजूचा संगमरवर बघायला जाल तेव्हा सोबत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ठेवा. थेंब टाकूनही फेस आला नाही तर घाईने ‘चुनखडीचा नाही’ लिहू नका. चाकूने थोडी भुकटी खरवडा आणि पुन्हा थेंब टाका. डोलोमाइट (चुन्यासोबत मॅग्नेशियम असलेलं खनिज) असेल तर आता बुडबुडे येतील.

सामानात हातोडा, दहापट मोठं दाखवणारी लेन्स, क्लायनोमीटर कंपास (थरांची दिशा आणि उतार मोजणारा) आणि पेन्सिल हवी. पेनची शाई पावसात पसरते. पुढे एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा आणि जीएसआयमधल्या (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) नोकरीसाठी यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा असते. मोठी मँगनीज कंपनी मॉइल तर नागपूरचीच. पण परीक्षेचा अभ्यास पहिल्या वर्षी नको, चार डोंगर चढा.

परतताना कन्हानच्या पात्रात थांबा. मूठभर वाळू लेन्सखाली धरा. वरच्या अंगाच्या जुन्या रूपांतरित खडकांतून सुटलेले क्वार्ट्झचे कण दिसतील. शेजारी कामठीच्या वालुकाश्माचा तुकडा ठेवा आणि दोन्हींतले कण ताडून पाहा.