कुशल कामगार व्हिसाचे नियम अचानक बदलले, तर या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून नर्सिंग किंवा इंजिनिअरिंग करून परदेशी गेलेली मुले आता पुष्कळ घरांत आहेत. त्यामुळे ब्रिटनने किंवा अमेरिकेने व्हिसाचा नियम बदलला की ती बातमी तासाभरात गल्लीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते आणि संध्याकाळपर्यंत ‘सगळे बंद झाले’ इथवर पोहोचते. सगळे सहसा बंद झालेले नसते. नियम कोणत्या तारखेपासून लागू होतो आणि कोणाला लागू होतो, या दोन गोष्टी न पाहता निर्णय घेतला जातो आणि बहुतेक नुकसान तिथेच होते.

घोषणा म्हणजेच नियम, असे समजू नका

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-१बी, म्हणजे कुशल कामगारांसाठीच्या, व्हिसासाठी एक लाख डॉलर भरण्याची अट घालणारा आदेश काढला. आपल्याकडे शनिवार उजाडला तेव्हा बातमी घरोघर पोहोचली होती, आणि आदेश लागू होण्याची वेळ होती आपल्या घड्याळाप्रमाणे रविवारी, म्हणजे सर्वपित्री अमावास्येच्या दिवशी, सकाळी साडेनऊच्या सुमारास. काही कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना ताबडतोब परतण्यास सांगितले आणि सुट्टीवर आलेल्या अनेकांनी मिळेल त्या दराने तिकिटे काढली. प्रत्यक्षात ही अट २१ सप्टेंबरनंतर दाखल होणाऱ्या नव्या अर्जांनाच आहे, हातात वैध व्हिसा असलेल्यांना नाही, असा खुलासा तिथल्या इमिग्रेशन विभागाने २० तारखेलाच केला होता. अमेरिकेत राहूनच स्टेटस, म्हणजे वास्तव्याचा प्रकार, बदलण्याचा अर्ज मंजूर होणाऱ्यांनाही ती लागू नाही, हे ऑक्टोबरमध्ये स्पष्ट झाले.

ब्रिटनमधील बदल सहसा टप्प्याटप्प्याने येतात. तेथील सरकारने १२ मे २०२५ रोजी श्वेतपत्रिका काढली, १ जुलैला नियमांतील बदल संसदेसमोर ठेवले आणि ते २२ जुलैपासून लागू झाले. २२ जुलैपूर्वी ज्यांना सीओएस, म्हणजे मालकाने द्यावयाचे प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र, मिळालेले होते, त्यांचे अर्ज जुन्या नियमांनुसार पाहिले गेले. मे महिन्यातच ‘आता काही उपयोग नाही’ म्हणून हातातली ऑफर सोडणाऱ्याने दोन महिने स्वतःहून घालवले. याच श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्यासाठीची पाच वर्षांची अट दहा वर्षांची करण्याचा प्रस्ताव होता. तो प्रस्ताव असतानाच लोक त्याला नियम समजून बसले.

दुसऱ्याचा आकडा स्वतःला लावू नका

२२ जुलै २०२५ पासून ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर, म्हणजे कुशल कामगार, व्हिसासाठी वर्षाला ४१,७०० पौंड किंवा त्या कामासाठी ठरलेला दर, यांपैकी जो अधिक असेल तेवढा पगार लागतो, ही माहिती बरोबर आहे. पण ती सर्वांना सारखी लागू नाही. सरकारी वेतनश्रेणीवर नोकरी मिळालेल्या नर्ससाठी किमान मर्यादा २५,००० पौंड किंवा त्या श्रेणीचा दर, यांपैकी जे अधिक असेल ते, अशी ठेवली गेली. ४ एप्रिल २०२४ पूर्वीपासून याच व्हिसावर सलग असलेल्यांसाठी सर्वसाधारण मर्यादा ३१,३०० पौंड झाली. एखाद्याच्या मावसभावाला लागलेला आकडा त्याला लागेलच असे नाही.

याहून मोठी गफलत पदवीबाबत होते. त्याच तारखेपासून काम पदवीच्या पातळीचे असावे लागते, आणि येथे कामाची पातळी पाहिली जाते, उमेदवाराची नव्हे. बी.ई. झालेल्या मुलाला कमी पातळीच्या कामाची ऑफर असेल, तर त्याच्या पदवीने ती पात्र ठरत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत किंवा मशीनशॉपमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्या आयटीआय किंवा डिप्लोमाधारकांनी आपल्या कामाचा व्यवसाय-कोड ब्रिटनच्या तात्पुरत्या टंचाई-यादीत, म्हणजे मनुष्यबळ कमी असल्याने सूट दिलेल्या कामांच्या यादीत, आहे का, एवढे पाहावे; या मार्गाने नव्याने जाणाऱ्यांना पत्नी व मुलांना सोबत नेता येत नाही. केअर वर्कर म्हणून परदेशातून होणारी भरती तर २२ जुलै २०२५ पासूनच बंद आहे. तरीही कोणी तसा व्हिसा विकत असेल, तर पुढे बोलण्याचे कारण नाही.

सीओएससाठी पैसे मोजू नका

सीओएस हा संगणकावर दिला जाणारा क्रमांक असतो आणि त्याचे शुल्क तसेच इमिग्रेशन स्किल्स चार्ज, म्हणजे परदेशी कामगार घेण्यासाठीचा सरकारी आकार, मालकाने भरायचा असतो. यांपैकी काहीही उमेदवाराकडून वसूल करता येत नाही. त्यामुळे ‘सीओएसचे अमुक लाख’ ही मागणीच बेकायदा आहे. कंपनी परवानाधारक आहे का, हे ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरील यादीत फुकट पाहता येते. इकडचा एजंट १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, हे भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते, आणि अशा एजंटाला उमेदवाराकडून घेता येणारे सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी, इतकेच आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास चालवणाऱ्याच्या पाटीवर ‘ओव्हरसीज’ लिहिलेले असणे म्हणजे परवाना नव्हे.

सीओएस मिळाल्यावर अर्जासाठी तीन महिनेच असतात. तेवढ्यात क्षयरोग तपासणी आणि इंग्रजीचा पुरावा व्हायला हवा. ८ जानेवारी २०२६ पासून नव्या अर्जदारांना इंग्रजीची पातळी बी-१ ऐवजी तिच्या वरची बी-२ लागते, आणि साधी आयईएलटीएस चालत नाही, ‘यूकेव्हीआय’ या ब्रिटिश व्हिसा विभागासाठीचीच द्यावी लागते. व्हीटीयूची (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची) पदवी इंग्रजी माध्यमातून घेतली असली, तरी कॉलेजने दिलेले माध्यमाचे पत्र पुरत नाही. परदेशी पदव्या तपासणाऱ्या ‘इक्टिस’ या ब्रिटिश संस्थेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

बेळगाव, बेळगावी आणि सुनेचे नाव

१ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बदलले. त्यामुळे एकाच माणसाच्या जुन्या पासपोर्टवर एक, तर नव्या दाखल्यावर दुसरे जन्मस्थान दिसते. एवढ्याने काम अडू नये, पण अर्जात पासपोर्टप्रमाणेच लिहावे आणि फरकाचे कारण एका ओळीत द्यावे. लग्नानंतर नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव अशी संपूर्ण ओळ बदललेल्या सुनेचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत हवाच. कन्नड किंवा मराठी दाखल्यांचे इंग्रजी भाषांतर जोडताना लोक नोटरीच्या शिक्क्यावर विसंबतात. खरी गरज असते ती भाषांतर अचूक असल्याचे विधान, तारीख आणि भाषांतरकाराचे नाव, सही व संपर्क यांची.

ब्रिटनचा अर्ज फेटाळला गेलाच, तर त्याच रात्री दुसरा भरू नये. नकारपत्रात कोणत्या कलमावर बोट ठेवले आहे ते आधी वाचावे. चूक अधिकाऱ्याची असेल, तर भारतातून अर्ज केलेल्यांना २८ दिवसांत फेरतपासणी मागता येते आणि तिचे शुल्क ८० पौंड आहे. कागद आपल्याच बाजूने राहिला असेल, तर फेरतपासणीचा उपयोग नसतो. नवा अर्ज करावा लागतो, आणि वापरलेला सीओएस पुन्हा चालत नसल्यामुळे शुल्क भरण्यापूर्वी नवा सीओएस मिळेल का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.