'नाइट नर्स' (१९३१) नीट पाहायचा तर

आधी प्रत तपासा. विल्यम वेलमन यांनी वॉर्नर ब्रदर्ससाठी केलेला हा चित्रपट ७२ मिनिटांचा आहे. युरोपातली, म्हणजे पाल पद्धतीची डीव्हीडी असेल तर तो साधारण ६९ मिनिटांत संपतो. तिथे कात्री लागलेली नसते. सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी धावतात, म्हणून वेळ चार टक्क्यांनी घटतो आणि आवाज किंचित चढा लागतो. याहूनही कमी भरला, किंवा वाक्य अर्ध्यावर तुटून दृश्य बदललं, तर दुसरी प्रत शोधा. माणसं रुंद दिसत असतील तर टीव्हीचं चित्र ४:३ वर आणा. डोकी वरून कापली जात असतील तर झूम बंद करा.

काळही ध्यानात असू द्या. पडद्यावर काय दाखवायचं नाही हे ठरवणारी हॉलिवूडची नीतिसंहिता १९३० मध्येच तयार झाली, पण तिचा कडक अंमल जुलै १९३४ पासून सुरू झाला. मधल्या मोकळ्या वर्षांतला हा चित्रपट आहे, आणि तेव्हा अमेरिकेत दारूबंदीही होती. हे माहीत नसेल तर नायिकेला मदत करणारा मॉर्टी हा चोरटी दारू विकणारा का, ते कळत नाही.

सुरुवातीचा प्रशिक्षणाचा भाग कंटाळून पुढे ढकलू नका. परिचारिका नाइटिंगेलची शपथ घेतात, आणि त्या शपथेत डॉक्टरच्या कामाला निष्ठेने साथ देण्याचं वचन आहे. नायिका लोराची (बार्बरा स्टॅनविक) पुढची सगळी कोंडी तिथूनच सुरू होते.

पहिल्यांदा पाहताना बहुतेकांची नजर क्लार्क गेबलवर खिळते. मिशी नसलेला, काळ्या गणवेशातला शोफर निक भीतिदायक आहेच. पण दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा फक्त डॉक्टरांकडे बघा. लोरा ज्यांची देखभाल करते त्या दोन लहान मुलींना उपाशी मारून त्यांच्या नावचा पैसा लाटायचा हा कट एकट्या शोफरला झेपणारा नाही. मुली खंगताना कोणीही जाब विचारला असता. डॉ. रेंजरच्या हाती केस आली की त्याच उपासमारीला उपचाराचं रूप येतं आणि नर्सचं तोंड बंद होतं. त्याची पदवी हेच या कटातलं खरं हत्यार आहे.

मग लोरा डॉ. बेलकडे जाते तो प्रसंग सावकाश, हवं तर थांबवून पाहा. बेल भला माणूस आहे, तरीही दुसऱ्या डॉक्टरच्या केसमध्ये हात घालायला तो कचरतो आणि कारण देतो व्यावसायिक नीतीचं. माझ्या मते चित्रपटाचा सगळ्यात धारदार वार इथे आहे, रेंजरवर नाही. या चित्रपटाला नुसती खलनायकाची गोष्ट समजणाऱ्यांच्या हातून नेमकं हेच निसटतं.

शेवट आधी वाचू नका. पाहून झाल्यावर मात्र निकचा हिशेब कोणी चुकता केला आणि त्यात पोलीस, न्यायालय, रुग्णालय यांतलं कोण होतं, हे तपासा. १९३४ नंतर असा शेवट मंजूर होणं कठीण होतं.