जखमीकडे धावण्याआधी मागे बघा

बचाव पथकात आलो तेव्हा सुरुवातीला मला वाटायचं, अपघाताच्या जागी रहदारी सांभाळायला ठेवलं म्हणजे आपल्याला कामातून बाजूला काढलं. बाकीचे पत्रा कापतायत, जखमीला बाहेर काढतायत, आणि मी आपला कोन, म्हणजे रस्त्यावर ठेवायचा इशाऱ्याचा शंकू, हातात घेऊन उभा. नव्याने येणाऱ्या बहुतेकांना असंच वाटतं. पण जखमीवर वाकलेल्या माणसाची पाठ रस्त्याकडे असते. त्याच्या वतीने रस्त्याकडे बघायला तिथे तुमच्याशिवाय कोणी नसतं.

माझी पहिली मोठी चूक वळणावरची. वळण संपून थोडं पुढे एक कार उलटली होती. वळण आणि कार यांच्यामध्ये जो सरळ तुकडा होता, त्यात मी ओळीने, अगदी सुबक कोन मांडले. दोनच मिनिटांत वळणातून ट्रक आला, ब्रेक किंचाळले आणि पहिले दोन कोन चाकाखाली गेले. ट्रक थांबला, एवढंच नशीब. आमचे प्रमुख ओरडले नाहीत. मला वळणाच्या मागे, गाड्या येतात त्या बाजूला चालत घेऊन गेले आणि म्हणाले, "इथून काय दिसतंय?" काहीच दिसत नव्हतं. तेव्हापासून वळण असो की चढाचा माथा, पहिली खूण त्याच्या आधी.

हिशेब एकदा डोक्यात बसवून घ्या. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. काहीतरी दिसणं, ते उमगणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात दीड-दोन सेकंद जातात. म्हणजे ४० ते ५५ मीटर ब्रेक न लागताच संपले. त्यापुढे थांबायला कोरड्या रस्त्यावर साधारण तेवढंच अंतर आणखी लागतं, ओल्या रस्त्यावर बरंच जास्त. तीस मीटरवर ठेवलेला कोन त्या चालकाच्या काय कामाचा?

शिवाय कोन कुणालाच अडवत नाही, तो फक्त सांगतो. अडवते ती तुमची सगळ्यात जड गाडी. ती येणाऱ्या रहदारीच्या बाजूला, लेनमध्ये तिरकी लावायची आणि पुढची चाकं अपघाताच्या जागेपासून दूर वळवून ठेवायची. मागून धडक बसलीच तर ती आपल्याच माणसांवर जायला नको. ती गाडी आणि काम चाललेली जागा यांत अंतर सोडा, आणि ते खरोखर रिकामं ठेवा. स्ट्रेचर, हत्यारं, फोनवर बोलणारे सहकारी, सगळं नेमकं तिथेच जमतं. रुग्णवाहिका मात्र या आडोशाच्या पुढे लावा. जखमीला मागच्या दारातून चढवायचं असतं, तेव्हा त्या दाराला आडोसा हवा.

रात्री जितके जास्त दिवे तितकं सुरक्षित, असं मीही समजायचो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत हेडलाइट मारले की त्याला त्या झगमगाटामागचा माणूस दिसेनासा होतो. रहदारीकडे तोंड करून असलेले हेडलाइट बंद करा. जॅकेटच्या चकाकत्या पट्ट्यांवरही फार विसंबू नका. त्या दिव्याचा उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवतात. उजेड पडलाच नाही, किंवा पट्टी चिखलाने माखली असेल, तर तुम्ही अंधारातच आहात.

हात दाखवायला लेनच्या मधोमध उभं राहू नका. साईडपट्टीवर राहा आणि पळायचं कुठे ते आधीच बघून ठेवा. चालकाची नजर अपघाताकडे वळली की हातही नकळत तिकडे वळतात. पलीकडच्या बाजूचे बघेही तेच करतात, त्यामुळे तिकडेही एक डोळा असू द्या. आणि थांबलेल्या गाड्यांची रांग वाढत गेली की खूणही मागे सरकवत न्या. दुसरी धडक बऱ्याचदा रांगेच्या शेपटाशी होते, तिथून तुमचा अपघात दिसतसुद्धा नाही.

आवरताना सगळे सैलावतात. एकदा मी आडोशाची गाडी आधी निघू दिली आणि मग कोन उचलायला एकटाच लेनमध्ये राहिलो. तिसऱ्या कोनापाशी बाजूने गेलेल्या गाडीचा वारा कानाला लागला. आता शेवटी ठेवलेला कोन आधी उचलतो, तोंड रहदारीकडे ठेवून, आणि गाडी माझ्यानंतर हलते.