एकावेळी चार-पाच विणकाम-भरतकामं चालू आहेत? मग या चुका टाळा

घरात डोहाळजेवण झालं की बाळंतविड्याची लगबग सुरू होते, आणि मग स्वेटर सुयांवर, टोपडं क्रोशावर, दुपट्याचा कोपरा रिंगमध्ये आणि शिवाय आधीपासून घेतलेली कर्नाटकी कशिद्याची साडी, असं सगळं एकदम चालू असतं. बऱ्याच जणी सांगतात एक संपल्याशिवाय दुसरं घेऊच नका. मला हे अजिबात पटत नाही. रात्री डोळे दमलेले असताना मोजणीचं काम होत नाही, तेव्हा साधं सुलट विणकाम जवळ असलं तर हात चालू राहतो. कामं चार असली म्हणून बिघडत नाही, बिघडतं ते काम खाली ठेवताना.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे अर्धी ओळ सोडून उठणं. दाराची बेल वाजली, उठलात, आणि मग ते काम आठ दिवसांनी हातात घेतलं की कुठली सुई कुठल्या हातात हेच कळत नाही. लक्षात ठेवा, अर्ध्या ओळीत थांबलेलं असेल तर लोकर ज्या सुईवरून निघतेय ती सुई उजव्या हातात. उलटं धरलंत तर आल्या वाटेने परत विणत जाल, एक बाजू दोन ओळी उंच होईल आणि वळलात तिथे बारीक भोक पडेल. असं भोक दिसलं तर पुढे रेटू नका, तिथपर्यंत उसवा, कारण धुतल्यावर ते जास्तच दिसतं. आणि शक्य तेवढं ओळ पूर्ण करूनच ठेवा, बेल वाजवणारा तेवढं थांबतो.

दुसरं, एका कामाच्या सुया काढून दुसऱ्याला लावणं. करा, सगळेच करतात, पण टाके आधी वेगळ्या रंगाच्या गुळगुळीत सुती दोऱ्यावर ओवून ठेवा आणि सुईचं माप चिठ्ठीवर मिमीमध्येच लिहा. आपल्याकडचे जुने नंबर ब्रिटिश पद्धतीचे, त्यात नंबर वाढला की सुई बारीक, म्हणजे ८ नंबर ४ मिमी आणि १० नंबर ३.२५ मिमी. अमेरिकन पॅटर्नमध्ये नेमकं उलटं असतं, तिथली ८ नंबरची सुई ५ मिमीची. नुसतं "८ नंबर" लिहून ठेवलं आणि मधे यूट्यूबवरचा एखादा अमेरिकन पॅटर्न विणला की पुढच्या महिन्यात कुठला ८ हे आठवत नाही आणि स्वेटरचा वरचा भाग खालच्यापेक्षा सैल होतो. स्टीलच्या सुयांवर चालू केलेलं बांबूच्या सुयांवर पुढे नेलं तरी कित्येकींचा हात बदलतो, माप सेम असूनसुद्धा.

बाह्यांचं पण तेच. एक बाही विणून झाली, मग मधे भरतकाम घेतलं, दोन महिन्यांनी दुसरी बाही विणली आणि ती अर्धा इंच लांब झाली. यावर उपाय एकच, दोन्ही बाह्या एकाच सुईवर लोकरीच्या दोन वेगळ्या गुंड्या लावून बरोबर विणायच्या. लोकरही एकदमच घ्या आणि गुंडीवरचा कागदी पट्टा फेकू नका, त्यावर लॉट नंबर, म्हणजे एकदम रंगवलेल्या लोकरीचा नंबर असतो. शेड नंबर तोच पण लॉट वेगळा असेल तर उजेडात फरक कळतो.

आता भरतकाम. रिंग कापडावर तशीच ठेवून दुसऱ्या कामाला लागलात तर गोल वळ पडतो, त्यात धूळ बसली की तो इस्त्रीनेही जात नाही. रोज उठताना रिंग काढा. सुई कापडात खोचून ठेवू नका, मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तिचा गंज कापडाला लागतो आणि पांढऱ्या दुपट्यावरचा गंजाचा डाग काढणं फार अवघड. डिझाइन कशाने काढलंय तेही बघा. हवेत उडून जाणाऱ्या जांभळ्या पेनाची रेघ दोन-चार दिवसांतच जाते, त्यामुळे जे काम बाजूला पडणार आहे ते त्या पेनाने काढूच नका. पाण्याने जाणारा निळा पेन चालेल, पण रेघा धुवून जाईपर्यंत त्यावर इस्त्री फिरवायची नाही, नाहीतर त्या पक्क्या बसतात.

चिठ्ठीवर दोऱ्याचे पदर पण लिहा. सहापदरी लडीतले दोन घेतले होते की तीन, हे विसरलं की एक पाकळी बारीक, एक जाड. आणि कंपनीचं नाव लिहा, काळा रंग डीएमसीत ३१० आणि अँकरमध्ये ४०३ असतो, नुसत्या नंबरावर दुकानात दोरा मागितला तर भलताच रंग हातात येईल.

कशिदा करणाऱ्यांनी तर फारच जपायला हवं. गवंती टाका जाताना एकाआड एक पडतो आणि परत येताना मधल्या रिकाम्या जागा भरतो, आखलेलं काही नसतं, सगळं कापडाच्या धाग्यांवर मोजून. जाऊन मधेच थांबलात तर परतीची वाट सापडत नाही, आणि एक धागा चुकला की आकृती बंदच होत नाही. म्हणून परत येऊनच थांबा, आणि वेळ दहाच मिनिटं असेल तर कशिदा काढूच नका, स्वेटर घ्या.

आधी कुठलं संपवायचं? बाळंतविड्यात टोपडं आणि दुपटं आधी, ते बारशाला लागतात. स्वेटरला घाई नाही, पण माप विचार करून घ्या. बाळ ऑगस्टमध्ये होणार असेल तर डिसेंबरच्या थंडीत ते चार महिन्यांचं असेल, तेव्हा स्वेटर ६ महिन्यांच्या मापाचा विणा. तान्ह्याच्या मापाचा विणलात तर थंडी येईपर्यंत तो अंगात जाणार नाही.

आणि एखादं काम वर्षभर हातातच घ्यावंसं वाटलं नाही तर खुशाल उसवा. लोकरीची लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवून न पिळता सावलीत वाळवा. उसवलेल्या लोकरीची वळणं सरळ होतात आणि त्याच लोकरीचे मोजे आरामात होतात.